ऑलिम्पिक शर्यतीत बदकांसाठी थांबलेल्या ऑस्ट्रेलियन नौकापटूची गोष्ट खरी आहे का? तो पुढे जिंकला का?

हो, खरी आहे, आणि तो जिंकलाही. तो सिडनीचा बॉबी पिअर्स. १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिम्पिकमधली सिंगल स्कल्सची उपांत्यपूर्व फेरी होती. होडीत एकटा माणूस, दोन्ही हातांत एकेक वल्हं. स्लोटनचा कालवा इतका अरुंद, की एका वेळी दोनच होड्या सोडायचे.

कॉलेजात मी दोन वर्षं रोइंग केलंय. या खेळात आपली पाठ पुढे आणि तोंड मागे असतं, वाटेत काय आहे ते दिसतच नाही. पिअर्सलाही बदकं दिसली नव्हती. काठावरची माणसं ओरडून खुणा करायला लागली तेव्हा त्याने मान वळवली. बदकांचं अख्खं कुटुंब एका ओळीत कालवा ओलांडत होतं! त्याने वल्ही थांबवली आणि त्यांना जाऊ दिलं. तोवर फ्रान्सचा सोरँ पुढे निघून गेला. होडीची लय एकदा मोडली की परत बसवताना छाती फुटायची वेळ येते. पिअर्सने तरीही त्याला गाठून मागे टाकलं, आणि अंतिम फेरीत अमेरिकेच्या केन मायर्सला हरवून सुवर्णपदक घेतलं.

बदकांची गोष्ट सगळे सांगतात, हेन्लीची कुणी सांगत नाही. इंग्लंडमधल्या हेन्लीच्या डायमंड स्कल्स शर्यतीत त्याला त्या काळी उतरू दिलं नाही. का, तर तो सुतार होता. अंगमेहनतीवर पोट भरणारा माणूस तिथल्या नियमात 'हौशी' खेळाडू ठरतच नसे.

मग महामंदी आली, काम मिळेना. १९३० मध्ये कॅनडातल्या हॅमिल्टनला एम्पायर गेम्समध्ये (आजच्या कॉमनवेल्थ गेम्स) तो जिंकला, आणि व्हिस्कीवाल्या लॉर्ड ड्यूअर यांनी त्याला कॅनडात विक्रेत्याची नोकरी दिली. विक्रेता म्हणजे मजूर नव्हे! १९३१ मध्ये हेन्लीने त्याला घेतलं आणि त्याने डायमंड स्कल्स जिंकली. हात तेच होते. मला याचा आजही राग येतो.

१९३२ ला लॉस एंजेलिसमध्ये, कॅनडात राहत असूनही ऑस्ट्रेलियाकडून, दुसरं ऑलिम्पिक सुवर्ण. ऑलिम्पिकची सिंगल स्कल्स सलग दोनदा जिंकणारा तो पहिलाच. १९३३ मध्ये टोरांटोत टेड फेल्प्सला हरवून तो व्यावसायिक जगज्जेता झाला, आणि ते पद न हरताच निवृत्त झाला.

१९३६ मध्ये ऑस्ट्रेलियन पोलिसांच्या आठजणांच्या संघालाही हेन्लीने असंच नाकारलं. अंगमेहनतीचा तो नियम काढून टाकला १९३७ मध्ये. तोवर पिअर्सला व्यावसायिक होऊन चार वर्षं झाली होती.