आधी सांग, वाचलंस कोणतं जनुक?

प्रिय मित्रा,

तुझा तक्ता दोनदा पाहिला. ल्यूपसच्या (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तो आजार) रुग्णांत एफसीजीआर३ए या, प्रतिपिंड धरणाऱ्या रिसेप्टरच्या जनुकाचे एफव्ही (एक प्रत एफ, एक व्ही) भरमसाट, एफएफ (दोन्ही एफ) जवळजवळ गायब. निरोगी गटातही तेच. आणि तू विचारतोस, याचा दाहाशी संबंध कसा लावू? लावू नकोस. आधी सांग, वाचलंस कोणतं जनुक?

एफसीजीआर३ए आणि ३बी ही पहिल्या गुणसूत्रावरची जवळपास जुळी जनुकं. १५८व्या जागी ३एमध्ये फेनिलअलॅनिन (एफ) किंवा व्हॅलिन (व्ही) हे अमिनो आम्ल असतं, ३बीमध्ये व्हॅलिनच. प्रायमर (डीएनएला चिकटून वाचन सुरू करून देणारा छोटा तुकडा) ३बीलाही चिकटला की एफएफ माणूस एफव्ही दिसतो. हार्डी-वाइनबर्गची चाचणी (एफएफ, एफव्ही, व्हीव्ही अपेक्षित प्रमाणात आहेत का, ही) दोन्ही गटांत नापास झाली होती, तरी तू पुढे गेलास! याचा मला राग आहे.

प्रायमरचं ३' (शेवटचं) टोक फक्त ३एमध्ये असलेल्या बेसवर बसव. प्रत्येक प्लेटवर सीक्वेन्सिंगने पक्के केलेले एफएफ, एफव्ही, व्हीव्ही नमुने आणि नुसतं पाणी ठेव. रुग्ण आणि निरोगी एकाच प्लेटवर मिसळ. एफएफ कंट्रोल एफव्ही आला, तर ती अख्खी प्लेट बाद. एमएलपीएने (जनुकाच्या प्रती मोजायची पद्धत) प्रतीही मोज, कारण तीन प्रतींच्या माणसाला एफव्ही म्हटलं की दोन व्ही की दोन एफ, हे कळतच नाही. काही पेपरांतलं १७६ म्हणजे हेच १५८. मोजणी कुठून सुरू केली एवढाच फरक.

याच कुटुंबातल्या एफसीजीआर२एबद्दलचा तुझा गोंधळ मात्र रास्त आहे. १३१व्या जागी हिस्टिडिन असेल तर रिसेप्टर आयजीजी२ या प्रतिपिंडाला घट्ट धरतो, आर्जिनिन असेल तर सैल. ल्यूपसमध्ये संशय आर्जिनिनवर, कावासाकी (मुलांमधला रक्तवाहिन्यांचा दाह) आणि अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये (मोठ्या आतड्याचा दाह) हिस्टिडिनवर. यात विसंगती नाही. सैल पकडीने इम्यून कॉम्प्लेक्स (प्रतिपिंड आणि त्यांच्या लक्ष्यांचे गठ्ठे) नीट साफ होत नसावेत. घट्ट पकडीने पेशी जास्त भडकत असाव्यात. त्याच कुटुंबातला २बी तर पेशीचा ब्रेक आहे: २३२व्या जागी थ्रिओनिन आलं की तो लिपिड राफ्टमध्ये (पेशीच्या पटलावरचे चरबीचे छोटे पट्टे) नीट शिरत नाही आणि ब्रेक ढिला पडतो. तेव्हा ‘वाईट अ‍ॅलील’ (जनुकाचं वाईट रूप) हे शब्द प्रबंधातून काढ.

मी एकच गोष्ट धरून बसतो, हे खरं. पुन्हा न तपासलेल्या वाचनांची रुखरुख मला अजून आहे, म्हणून धरून बसतो. कोणतं जनुक वाचलं हे ठाऊक नसेल, तर पी-व्हॅल्यू (खरा संबंध नसतानाही असा निकाल दिसण्याची शक्यता) कितीही लहान येऊ दे, तो कशाचा आहे?

सोमवारी एफव्ही आलेले वीस नमुने काढ. लाँग-रेंज पीसीआरने (डीएनएचा लांब तुकडा वाढवणारी पद्धत) फक्त ३ए उचल, सँगर सीक्वेन्सिंगने वाच. तोवर गाइडना आलेख दाखवू नकोस.