केमिस्ट्रीत पीएचडी करायचीय? आधी गाइड बघ
अरे नुसतं लॅबचं नाव बघून भुलू नकोस. एनसीएल (पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) म्हण, आयआयटी म्हण, नाव मोठं असतं पण पुढची पाचेक वर्षं तुला गाइडबरोबर काढायचीत, म्हणून त्यांच्या जुन्या स्टुडंट्सना गाठ आणि सरळ विचार, किती वर्षं लागली, पेपरवर पहिलं नाव कोणाचं टाकतात. जेआरएफ, म्हणजे नेट परीक्षेतून मिळणारी रिसर्च फेलोशिप, मात्र काढच, पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० आणि नंतर ४२,०००, एचआरए वेगळा, शिवाय स्वतःची फेलोशिप असली की गाइड निवडताना हात मोकळा राहतो.

ऑरगॅनिकला जाणार असशील तर कॉलम टाकायची (सिलिका भरलेल्या नळीतून मिश्रण वेगळं करायची) तयारी ठेव, दिवसच्या दिवस सिलिका आणि टीएलसी (काय काय वेगळं झालं ते पट्टीवर बघायची टेस्ट), आणि शेवटी एनएमआर (रेणूची रचना दाखवणारी तपासणी) बघितल्यावर कळतं की हातात आलंय ते स्टार्टिंग मटेरियलच 😅 माझं पहिलं वर्ष असंच गेलं. फसलेली रिॲक्शनसुद्धा वहीत लिही, तारीख, टेंपरेचर, सॉल्व्हंट कुठल्या बाटलीतला, सगळं. मी आळस केला आणि जमलेली एक रिॲक्शन परत कधी जमलीच नाही. आणि हो, सिलिका भरताना मास्क लाव, सीनियर हसले तरी.

नेट नाहीच निघाली तर सेट (राज्य पातळीवरची पात्रता परीक्षा) दे, पुणे विद्यापीठ घेतं, महाराष्ट्र-गोव्यात असिस्टंट प्रोफेसरसाठी चालते.