आत्मविश्वासाला पुराव्याचा आधार लागतो का?

आपण विचारले आहे की, मुलाखतीला निघालेल्या माणसाला सगळेच ‘आत्मविश्वास ठेव’ असे सांगतात. पण आजवर एकही मुलाखत दिलेली नसताना तो कशाच्या जोरावर ठेवायचा? माझ्या मते पुरावा लागतोच, मात्र तो यशाचाच असावा लागतो असे नाही.

हे मला रावेर तालुक्यातल्या आमच्या केळीच्या बागेत उमगले. कापणीआधी व्यापाऱ्याशी बोलताना घडाचे सरासरी वजन, ज्याला आमच्याकडे रास म्हणतात, नजरेनेच सांगावे लागते. वडील खोडापाशी उभे राहून फण्या मोजत, एखाद्या केळाच्या कडा कितपत गोल झाल्या आहेत ते बोटाने चाचपत आणि मगच आकडा सांगत. पंचविशीत मीही तसाच ठामपणे आकडे सांगू लागलो. वडिलांनी वाद घातला नाही. एक वही हातात दिली आणि तोलण्याआधीचा अंदाज व काट्यावरचे वजन शेजारी शेजारी लिहायला सांगितले. हंगाम संपला तेव्हा दिसले की माझा अंदाज बहुतेक वेळा दोन-तीन किलोंनी जास्त असे, आणि स्वतःच्या बागेत तर त्याहूनही जास्त! तोवर मला फक्त जुळलेले आकडे आठवत होते. पाणाड्याचेही असेच असते. तळहातावर नारळ उभा राहिला आणि पाणी लागले, त्या बोअरची कथा गावभर होते. कोरड्या गेलेल्या बोअरची आठवण ज्याचे पैसे बुडाले त्यालाच राहते.

पुढच्या हंगामात मी मनातल्या आकड्यातून अडीच किलो वजा करून बोलू लागलो. चुका लिहिल्याने खात्री डळमळेल असे वाटले होते; ती उलट पक्की झाली, कारण आपण कोठे आणि कितीने चुकतो हे आता ठाऊक होते.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ मध्ये स्वक्षमतेवरील विश्वासाचे चार स्रोत मांडले: स्वतः पार पाडलेले काम, आपल्यासारख्या दुसऱ्याला ते करताना पाहणे, इतरांनी दिलेला धीर आणि त्या क्षणीची शरीर-मनाची अवस्था. त्यांत त्यांनी स्वानुभवाला सर्वांत बळकट मानले आहे. आपल्याला मिळणारा सल्ला तिसऱ्या प्रकारातला आहे, आणि तो पहिल्याच ठेचेला विरतो. अर्थात अगदी पहिल्यांदा एखादी गोष्ट करताना हाताशी काहीच नसते. तेव्हा लागते ती हिंमत, आणि तिलाच आत्मविश्वास म्हटल्याने बराच घोटाळा होतो, असे मला वाटते.

तेव्हा एखाद्या स्पष्टवक्त्या मित्राला समोर बसवून दहा-बारा सराव मुलाखती द्याव्यात. प्रत्येक उत्तरानंतर, मित्र काही बोलण्याआधी, ते कसे गेले असे आपल्याला वाटते ते लिहावे आणि शेजारी त्याचे मत नोंदवावे. खाडाखोड मात्र करू नये. वडिलांनी मला त्या वहीबरोबर पेन दिले होते, पेन्सिल नव्हे.