गळणे, गळती आणि पेशीगळ

कर्करोगाच्या पेशी कशा मरतात आणि त्यात आयन चॅनलचा, म्हणजे विद्युतभारित कणांना (आयनांना) पेशीच्या आवरणातून जाऊ देणाऱ्या प्रथिनांचा, वाटा काय, यावर काम करणाऱ्या एका रेणुजीवशास्त्रज्ञाच्या संशोधनाची ओळख तुम्ही मराठीत लिहिताय. त्यात 'अपॉप्टोसिस'साठी, म्हणजे पेशीच्या ठरल्याप्रमाणे शिस्तीत होणाऱ्या मरणासाठी, 'पेशींची आत्महत्या' आणि 'आयन चॅनल'साठी 'आयन वाहिनी' चालेल का, असा तुमचा प्रश्न आहे.

'आत्महत्या' लिहू नका. त्या शब्दात हत्या आहे, हताशा आहे, आणि कर्करोगाविषयीचा लेख वाचणारा माणूस बहुधा आधीच दुखावलेला असतो. शास्त्राच्या दृष्टीनेही तो नीट बसत नाही. पुष्कळदा मरणाचा निरोप बाहेरून येतो, शेजारच्या किंवा प्रतिकारयंत्रणेच्या पेशींकडून.

'अपॉप्टोसिस' हा मूळ शब्द फार सुंदर आहे. १९७२ साली केर, वायली आणि करी या तिघांनी तो शोधनिबंधात वापरला. सुचवला होता ॲबर्डीन विद्यापीठातले ग्रीकचे प्राध्यापक जेम्स कॉरमॅक यांनी. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ झाडावरून पानं किंवा फुलावरून पाकळ्या गळणं. म्हणजे आपली पानगळ! शेतकरी फुलगळ, फळगळ म्हणतात, त्याच चालीवर 'पेशीगळ' करावा, असं मला मनापासून वाटतं. पान गळण्याआधी झाड त्यातलं बरंचसं सत्त्व परत घेतं, देठाशी एक थर तयार होतो आणि मग पान सुटतं. पेशीचंही तसंच. ती आवरणासकट लहान तुकड्यांत विभागते, ते तुकडे शेजारच्या पेशी गिळतात आणि आजूबाजूला दाह होत नाही. याउलट नेक्रोसिस या दुसऱ्या प्रकारच्या मरणात पेशी फुगते, फुटते आणि आतला ऐवज बाहेर सांडतो. त्याला 'पेशीनाश' म्हणा, 'गळ' नको.

आता मला सर्वांत भावलेली गोष्ट. मराठीत घागर गळते, पान गळतं आणि माणसाचं अवसानही गळतं. झिरपून बाहेर जाणं आणि सुटून पडणं, दोन्हींना एकच क्रियापद. अपॉप्टोसिसमध्ये ही दोन्ही गळणी एकामागोमाग घडतात! निरोगी पेशीच्या आत पोटॅशियम बाहेरच्यापेक्षा साधारण तीसपट असतं. मरणाची प्रक्रिया सुरू झाली की पोटॅशियमच्या वाहिन्या उघडतात आणि ते बाहेर जाऊ लागतं, क्लोराइडही जातं. त्यांच्यामागून पाणी जातं आणि पेशी आक्रसते. भरपूर पोटॅशियम असताना कॅस्पेज नावाची, प्रथिनं कापणारी विकरं (एन्झाइम) दबलेली राहतात, ते उतरलं की त्यांना मोकळीक मिळते. आधी गळती, मग गळ. इंग्रजीत ही जोडणी एका क्रियापदात साधत नाही, आपल्याकडे ती आयती आहे. तुमच्या लेखात ती जरूर वापरा.

'वाहिनी'बद्दल माझा आग्रह सौम्य आहे. शब्द रुळलाय, ठेवा. 'मार्गिका' म्हटलं की रस्ता आठवतो आणि 'द्वार' वाहिनीच्या आतल्या उघडझाप करणाऱ्या भागासाठी राखून ठेवलेलं बरं. फक्त 'वाहिनी आयन वाहून नेते' असं लिहू नका. वाहून नेणारी प्रथिनं वेगळी, ती 'वाहक'. वाहिनी नुसती उघडते किंवा मिटते, आयन आपल्या ओढीने जातात, तेही सेकंदाला कोट्यवधी. फॅरडेने १८३४ मध्ये रूढ केलेल्या 'आयन' या शब्दाचा अर्थच मुळी 'जाणारा'.

एक सावधगिरी. 'पेशीगळ' ऐकून केसगळतीसारखा काही आजार वाटू शकतो, म्हणून पहिल्यांदा 'पेशीगळ, म्हणजे अपॉप्टोसिस' असं लिहून ती शरीराची नेहमीची रीत आहे हे लगेच सांगा. सी. एलेगन्स या सूक्ष्म कृमीच्या वाढीत १०९० शरीरपेशी तयार होतात आणि त्यांपैकी १३१ ठरल्याप्रमाणे गळतात. कर्करोगात बिघडतं ते हेच. बीसीएल-२ हे जनुक पेशींची वाढ भडकवत नाही, त्यांचं मरण अडवतं, हे १९८८ साली दिसून आलं. 'नियोजित पेशीमृत्यू' मात्र याला समानार्थी म्हणून वापरू नका. तो मोठा वर्ग आहे आणि त्यात फुटून मरणाऱ्या पेशीही येतात.

तुमचं अडलेलं वाक्य मी असं लिहीन: 'कर्करोगाच्या पेशी गळायच्या थांबतात. आयन वाहिन्या उघडून त्यांची पेशीगळ पुन्हा सुरू करता येईल का, याचा शोध या शास्त्रज्ञ घेत आहेत.'