विमा काढला नव्हता, दोन एकर सोयाबीन अतिवृष्टीत गेलं. पंचनामा झाला, शेजाऱ्याचे पैसे आले, माझे नाहीत. मदत मिळेल का?

मिळते. विम्याचे पैसे कंपनी देते. ही मदत महसूल खातं आपत्ती निधीतून देतं आणि विम्याची पावती त्यात कुणी विचारत नाही. मात्र हिला भरपाई समजू नका. कागदोपत्री तिचं नावच ‘निविष्ठा अनुदान’ आहे, म्हणजे बी-खताला हातभार.

30 मे 2025 च्या शासन निर्णयानुसार हेक्टरी जिरायतीला 8,500, बागायतीला 17,000 आणि फळबागेसारख्या बहुवार्षिक पिकाला 22,500 रुपये, 2 हेक्टरपर्यंत. (त्याआधी 13,600, 27,000 आणि 36,000 होते, पारावर अजून तेच आकडे फिरतात.) खरीप 2025 साठी मर्यादा 3 हेक्टर केली आणि रब्बीच्या तयारीसाठी हेक्टरी 10,000 वेगळे जाहीर केले. जिरायतीचा हिशेब आरला (हेक्टरचा शंभरावा भाग) 85 रुपये धरा. तुमचे दोन एकर म्हणजे 80 आर, म्हणजे 6,800. पण पंचनाम्यात नुकसान 33 टक्क्यांच्या आत लिहिलं असेल तर काहीच नाही.

शेजाऱ्याला आले आणि तुम्हाला नाही, म्हणजे गाडी मध्येच कुठेतरी अडकली आहे. आधी ग्रामपंचायतीत किंवा तलाठ्याकडे यादी बघा. नाव असेल तर समोर विशिष्ट क्रमांक असतो. तो आणि आधार घेऊन आपले सरकार केंद्रात जा, अंगठा देऊन ई-केवायसी करा. तिथेच यादीतलं क्षेत्र, आधार क्रमांक आणि रक्कम स्क्रीनवर वाचा. कधी 0.80 हेक्टरचं 0.08 झालेलं असतं. चूक दिसली तर अंगठा देऊ नका, तिथूनच तक्रार नोंदवा. फार्मर आयडी (शेतकऱ्याचा सरकारी ओळख क्रमांक) असलेल्यांना खरीप 2025 मध्ये या केवायसीतून सूट दिली होती. आयडी नसेल तर आधी तो काढा.

केवायसी होऊनही पैसे नाहीत? मग बहुतेक घोळ बँकेत. ही रक्कम पासबुकावरच्या खाते क्रमांकावर नाही, आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात जाते. कधीकाळी मोबाईलवर उघडलेल्या आणि विसरलेल्या खात्यात पैसे पडून असतात. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग’ (आधारची खात्याशी जोडणी) बघा, बँकेचं नाव दिसतं. काहीच दिसलं नाही तर बँकेत सीडिंगचा अर्ज द्या. नुसती आधारची झेरॉक्स देऊन ते होत नाही.

यादीत नावच नसेल तर सातबारा काढा. सामायिक गटात इतर खातेदारांचं संमतीपत्र लागतं. वडिलांच्या नावावर जमीन असून ते हयात नसतील तर आधी वारस नोंद. ई-पीक पाहणी (मोबाईल ॲपवरून पिकाची नोंद) केली नसेल तर सातबाऱ्यावर पिकाच्या रकान्यात सोयाबीनच दिसत नाही, आणि मग पंचनाम्याशी मेळ बसत नाही. बटईने केलेली जमीन असेल तर पैसे सातबाऱ्यावरच्या मालकालाच जातात, राबणाऱ्याला नाही. हा नियमातला खरा अन्याय आहे, पण आज तसंच आहे.

अर्ज तहसीलदारांच्या नावे द्या: सातबारा, आठ-अ (खात्यावरच्या एकूण जमिनीचा उतारा), नुकसानीचे तारीख-ठिकाण उमटलेले फोटो. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय टेबलावरून उठू नका. आणि पैसे जमा झाल्यावर बँकेने ते पीककर्जात वळते केले तर मदतीचा शासन निर्णय शाखेत दाखवा. त्यात तसं करू नये असं लिहिलेलं असतं.