जुन्या डिझेल जीपचे इंजिन घाटात ठोका देते. इंजिन खोलावे का?

आपण लिहिले आहे की जीप २००३ सालची, साध्या पंप-नोझलच्या डिझेल इंजिनाची आहे. सकाळी थंड असताना ती बिनतक्रार चालते, पण माल भरून चाळीसगावहून कन्नड घाट चढू लागली की इंजिनातून ठोका ऐकू येतो आणि उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की तो जवळजवळ थांबतो. एक मिस्त्री टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारा भाग) म्हणतात, दुसरे इंजिन खोलायला सांगतात आणि ऑईलचा लाल दिवा मात्र लागत नाही. मी धुळ्यात डिझेल पंप आणि नोझलचे काम करतो. माझे मत असे की ठोका कोणत्या सिलिंडरचा आहे हे ठरल्याशिवाय हेडचा एकही बोल्ट सैल होऊ देऊ नये.

आपण दिलेल्या वर्णनातूनच काही शक्यता मागे पडतात. पिस्टन आणि लायनर यांच्यात गाळा वाढला असेल तर आवाज थंड इंजिनात जास्त येतो आणि पिस्टन तापून फुगला की कमी होतो; आपल्याकडे नेमके उलटे आहे. टॅपेटचा आवाज हलका, वरून येणारा आणि क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) निम्म्या गतीचा असतो, आणि गाडी रिकामी आहे की भरलेली याचा त्याच्यावर फारसा परिणाम होत नाही. तरीही फीलर गेजने (गाळा मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) टॅपेट तपासून घ्यावेत, कारण खर्च नगण्य आहे. मात्र घाटातल्या ठोक्याचे कारण तिथे सापडेल असे मला वाटत नाही.

गॅरेजमध्ये आवाज येत नाही याचे कारण एवढेच की तिथे इंजिनावर भार नसतो आणि तोवर ते निवलेलेही असते. म्हणून मिस्त्रींना गाडीत बसवून, नेहमीइतके ओझे घालून, घाट किंवा धुळ्याजवळचा लळिंगचा चढ दुपारच्या उन्हात चढवावा आणि वर पोहोचल्यावर सुरक्षित जागी, इंजिन बंद न करता तपासणी सुरू करावी.

आधी इंजिनाबाहेरच्या वस्तू पाहाव्यात. क्लच दाबल्यावर आवाज बदलला तर क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग किंवा गिअरबॉक्सकडे वळावे. माउंटिंगचे रबर बसले असेल तर चढावर इंजिन कलते आणि सायलेन्सरचा पाइप चेसिसला लागून अगदी इंजिनासारखा ठोका देतो. पाइपवर घासल्याची चकाकती खूण दिसते. क्रँकच्या पुढच्या पुलीत आतला हब आणि बाहेरची रिंग यांच्यामध्ये रबर असेल, तर ते सुटले आहे का हेही तपासावे. इंजिन बंद असताना हबपासून रिंगपर्यंत खडूची एकच सरळ रेघ ओढावी आणि गाडी घाटातून आणल्यावर ती पुन्हा पाहावी. रेघेचे दोन तुकडे एकमेकांपासून सरकलेले दिसले तर रबर निसटले आहे. अशी पुली कनेक्टिंग बेअरिंगसारखाच (पिस्टनचा रॉड क्रँकला जोडतो तिथल्या बेअरिंगसारखाच) जड ठोका देते, आणि केवळ तिच्यापायी पूर्ण इंजिन उघडल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत.

बाहेर काही सापडले नाही तर सिलिंडर तोडून पाहण्याची, म्हणजे एकेका सिलिंडरचे डिझेल तोडून पाहण्याची, चाचणी करावी. ठोका येतो त्या गतीवर इंजिन स्थिर ठेवून, एका वेळी एकाच नोझलवरच्या हाय प्रेशर पाइपचा नट पान्याने किंचित सैल करावा आणि लगेच पुन्हा आवळावा. त्या सिलिंडरला डिझेल मिळणे थांबते. ज्या सिलिंडरचा नट सैल केल्यावर ठोका दबतो, दोष त्या सिलिंडरशी संबंधित आहे. हे काम अनुभवी हातानेच करावे, नटाभोवती जाड कापड धरावे आणि बोट कधीही फवाऱ्यासमोर नेऊ नये, कारण त्या दाबाचे डिझेल कातडी भेदून आत शिरते आणि ती जखम वरून दिसते त्याहून फार गंभीर असते. कॉमन रेलच्या (सगळ्या नोझलना एकाच सामायिक नळीतून डिझेल देणाऱ्या) नव्या गाड्यांवर ही चाचणी अजिबात करायची नाही. तिथला दाब कितीतरी पट जास्त असतो.

घाई होते ती यापुढच्या टप्प्यावर. नट सैल केल्यावर ठोका गेला की बरेच जण थेट बेअरिंगचे निदान करतात. पण जळण थांबले की पिस्टनवरचा धक्काही थांबतो, त्यामुळे बिघडलेली नोझल आणि झिजलेले बेअरिंग या दोघांचाही आवाज सारखाच दबतो. समजा ठोका दुसऱ्या सिलिंडरचा निघाला, तर त्याची नोझल चौथ्याला आणि चौथ्याची दुसऱ्याला लावावी, तांब्याचे वॉशर नवे घालावेत आणि चाचणी पुन्हा करावी. ठोका चौथ्याकडे गेला तर दोष नोझलचा आहे. टेस्टिंग मशिनवर ती थेंब सोडताना किंवा अडकताना दिसेल. ठोका दुसऱ्यातच राहिला तर मात्र गजन पिन (पिस्टन आणि रॉड जोडणारी पिन) किंवा कनेक्टिंग बेअरिंग समजावे. आपल्या भागात शेतावर कॅनमध्ये साठवलेले डिझेल ट्रॅक्टरसोबत जीपमध्येही ओतले जाते, आणि त्यातली धूळ व पाणी नोझलची सुई खराब करते. आपल्याकडे असे होत असेल तर मला आधी नोझलचाच संशय येईल. ठोक्यासोबत काळा धूर वाढत असेल तर तो संशय आणखी बळावतो.

लाल दिवा लागत नाही यावर विसंबू नये. त्याचा स्विच ऑईलचा दाब साधारण अर्ध्या किलोच्या (प्रति चौरस सेंटिमीटर) आसपास उतरल्यावरच दिवा लावतो, म्हणजे दाब बराच घसरला तरी डॅशबोर्डवर काहीच दिसत नाही. स्विच काढून तिथे साधे प्रेशर गेज लावावे आणि तापलेल्या इंजिनावर मोजावे. मिनिटाला दर १००० फेऱ्यांमागे सुमारे १० पौंड (प्रति चौरस इंच) हा ढोबळ अंदाज आहे, नेमका आकडा गाडीच्या सर्व्हिस पुस्तकात पाहावा. ऑईल पांढऱ्या कापडातून गाळावे आणि फिल्टरचा कागद कापून उन्हात उलगडावा. चुंबकाला न चिकटणारे चमकते कण बेअरिंगचे असू शकतात. आवाज दाबण्यासाठी ऑईलमध्ये घट्ट औषध ओतण्याचा सल्ला कोणी दिला तर तो कृपया मानू नका. बेअरिंग झिजतच राहते आणि आपल्याला ते कळत नाही.

शेवटी दोष बेअरिंगचाच ठरला तर गाडी चालवणे त्याच दिवशी थांबवावे, कारण कनेक्टिंग रॉड सुटला तर तो ब्लॉक फोडून बाहेर येतो. तरीही पूर्ण इंजिन उतरवावेच लागेल असे नाही. अशा बऱ्याच जुन्या इंजिनांत खालचा चेंबर (ऑईलची टाकी) सोडून, हेड न उघडता कनेक्टिंग बेअरिंग बदलता येतात. फक्त क्रँकचा जर्नल (बेअरिंग बसते तो गोल भाग) मायक्रोमीटरने दोन दिशांनी मोजून घ्यावा. तो गोल आणि मापात असेल तर मूळ मापाचे बेअरिंग चालेल, अंडाकृती झाला असेल तर क्रँक उतरवून घासावा लागेल आणि मग ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर अंडरसाइज (घासून बारीक झालेल्या क्रँकसाठीचे) बेअरिंग घालावे लागेल. हे माप कागदावर लिहून मागावे आणि त्यानंतरच सुटे भाग आणायला पैसे द्यावेत.