चांदी आत गेली का ते कापून बघा

प्रश्न: काका नमस्कार, मी कोल्हापूरचा. वडिलांचं वेल्डिंगचं दुकान आहे त्यामुळे गॅसची टॉर्च लहानपणापासून हातात. आता स्वतःच्या सायकलची स्टीलची फ्रेम बनवायचीय, लग (नळ्या ज्यात बसतात ती जोडाची बाही) वापरून, चांदीच्या रॉडने ब्रेझिंग करून. सरावाला चार जॉइंट केले, वरून एकदम चकाचक, पण एकावर पाय देऊन जोर लावला तर नळी लगमधून अख्खी निघून आली. रॉड कमी पडली का, की अजून तापवायला हवं होतं?

उत्तर: अरे, रॉड कमी नाही पडली, ती सगळी बाहेरच राहिली. वेल्डिंगची सवय इथे आडवी येते बघ. वेल्डिंगमध्ये नळी स्वतः वितळते, इथे ती वितळवायचीच नाहीये. स्टील वितळतं 1500 अंशांच्या आसपास आणि ही रॉडमधली चांदी (शुद्ध नाही, मिश्रधातू) 650 लाच वाहायला लागते, आणि कंदिलाच्या वातीत रॉकेल चढतं तशी ती नळी आणि लगच्या मधल्या फटीत स्वतःहून ओढली जाते, पण फट साधारण 0.1 मिलिमीटर असेल तरच. नळी लगमध्ये डुगडुगत असेल तर कितीही रॉड ओत, काही उपयोग नाही.

चांदी नेहमी उष्णतेच्या मागे जाते. म्हणून ज्योत रॉडवर नाही धरायची, आधी लग तापव कारण तो जाड, मग रॉड एका कडेला टेकव आणि ज्योत दुसऱ्या कडेकडे ने, चांदी आतून तिकडे येते. ती बाहेर येताना दिसली ना की जो आनंद होतो तो मला इतक्या वर्षांनी अजून होतो. फ्लक्स (तापताना स्टीलवर थर धरू नये म्हणून जोडाला आधी लावतात ती पेस्ट) पाण्यासारखा पारदर्शक झाला की वेळ आली समज, काळा पडला तर जास्त तापलं, तो जॉइंट सोडून दे. नळी बाहेरून आणि लग आतून पॉलिश पेपरने घासून अॅसिटोनने पुसायचं आणि त्यानंतर बोट लावायचं नाही. बंद नळीला हवा जायला छोटं भोक ठेव, नाहीतर आतली गरम हवा चांदीला बाहेर ढकलते. रॉड कॅडमियम नसलेलीच घे आणि दुकानाचं शटर उघडं ठेव, कॅडमियमचा धूर फार वाईट.

पण सगळ्यात जास्त वेळ कानशीला दे. नळीचं टोक माशाच्या तोंडासारखं कापून दुसऱ्या नळीवर असं बसलं पाहिजे की दिव्यासमोर धरलं तर उजेड दिसू नये. लगच्या आत लपतं म्हणून लोक इथे चालढकल करतात, मला ते अजिबात पटत नाही. आणि बटेड नळी असेल तर कापताना सांभाळ, टोकाला 0.8 मिलिमीटर जाड आणि मध्ये 0.5, अशा या नळ्या असतात, चुकीच्या बाजूने जास्त कापलीस तर जोड बरोबर पातळ भागावर येईल. (टोकं जाड ठेवायची ही युक्ती जुनी आहे, बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्सने 1897 मध्ये पेटंट घेतलं होतं, आणि मुळात ते खिळे बनवणारे!)

उरलेले तीन जॉइंट हॅक्सॉने उभे चिरून बघ. चांदी लगच्या आतल्या टोकापर्यंत पोचलेली दिसली पाहिजे. असे लागोपाठ दहा जमले की मगच फ्रेमच्या नळ्या विकत घे.

प्रश्न: माझी उंची पाच फूट. रेडीमेड सायकलवर वळताना बूट पुढच्या चाकाला लागतो. कस्टम फ्रेमने सुटेल का? (ठाण्याच्या एक वाचक)

उत्तर: सुटेल ताई, पण बनवणाऱ्याला चाकही लहान घ्यायला सांगा. 700सी चाक (नेहमीचं मोठं) तसंच ठेवून पुढचं चाक धरणारा चिमटा नुसता पुढे कलवला तर बूट लागत नाही पण सायकल वळायला सुस्त होते. अमेरिकेत जॉर्जिना टेरी यांनी 1980 च्या दशकात बायकांसाठी फ्रेम बनवताना पुढचं चाकच 24 इंची केलं होतं. आता 650बी (700सीपेक्षा लहान मापाचे) टायर सहज मिळतात तर दोन्ही चाकं तीच घ्या, पंक्चरला एकच ट्यूब जवळ ठेवली की झालं.